तीन दहाचं पाणी

शकु हिवराळेला मुंबईत येऊन सव्वीस वर्षं झाली आणि तेवढ्यात तिची सात घरं झाली. घरं म्हणायची आपली पद्धत. होत्या त्या खोल्या, आणि त्यातली एकही तिची नव्हती. लग्न होऊन बुलढाण्याकडून ती थेट घाटकोपरला डोंगरावरच्या एका खोलीत उतरली. तिथून विक्रोळी, मग भांडुपात तीन ठिकाणं, मग नाहूरला नाल्याशेजारी. दर वेळी अकरा महिन्यांचा कागद व्हायचा. तो एखाद्या वेळी पुढे ढकलला जायचा, पण शेवटी मालकाच्या भाच्याचं लग्न ठरायचं, नाहीतर मालकाची आई गावाहून उपचाराला यायची. मुंबईतल्या घरमालकांना इतके भाचे असतात हे शकुला आधी माहीत नव्हतं. तिचा नवरा सुखदेव शांत माणूस. त्याने या सगळ्यातून एकच नियम काढला होता, की भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर सहा घरांत ट्रंकेवर, भिंतीला टेकून उभी राहिली.

खिळा ठोकला गेला तो सातव्या घरात, आणि तो घरमालकाने स्वतः ठोकला.

हे घर मुलुंड पश्चिमेला, शेवटच्या बसस्टॉपच्याही पुढे, जंगलाच्या भिंतीला लागून असलेल्या एका चढावर. वस्तीला कागदावर कुठल्याशा नेत्याचं नाव होतं, पण सगळे तिला टेकडीच म्हणत. सुखदेवला मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं होतं, म्हणून दोघं खोली शोधत तिथवर पोचली. तिथल्या पहिल्या चार मालकांनी पूर्ण नाव विचारलं, ऐकलं आणि कळवतो म्हणाले. कळवलं कोणीच नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, की आमच्या घरात देव आहेत, तुमचं जमायचं नाही. पाचवा तुळशीदास परब. त्याने नाव ऐकून सोडून दिलं आणि शकुच्या हातांकडे बघत एकच गोष्ट विचारली.

"पाणी खालसून आणूक लागता. जमात मा तुका?"

शकु म्हणाली, जमेल. सामान लागलं त्या दिवशी तुळशीदास किल्ली द्यायला आला, ट्रंकेवरची तसबीर बघून भडकला आणि अशी खाली कशाला ठेवलीत म्हणून दोघांना बोलला. मग शेजारून हातोडी मागून आणली आणि समोरच्या भिंतीत चांगला बोटभर लांब खिळा ठोकला. त्याच्या लेखी चौकटीत बसवलेली प्रत्येक तसबीर म्हणजे देव, आणि देव खाली ठेवायचा नसतो. बाकी त्याला काही समजून घ्यायचं नव्हतं. शकुला मात्र त्या रात्री तिखट जेवल्यासारखं डोळ्यांत पाणी येत राहिलं.

तुळशीदास मूळचा कणकवलीकडचा. चाळीस वर्षं त्याने मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरी केली, टेकडीवर खोली बांधली, आणि मुलाने नालासोपाऱ्याला वन रूम किचन घेतल्यावर बायकोला घेऊन तिकडे राहायला गेला. त्याची बायको लता महिन्यातून एकदा भाड्याच्या निमित्ताने यायची आणि संध्याकाळपर्यंत शकुकडे बसून भाज्या निवडायची. पहिला अकरा महिन्यांचा कागद झाला. त्यानंतर कागद कोणी काढलाच नाही. तुला विश्वास नाही का, असं ना तुळशीदासने विचारलं ना शकुने. चौदा वर्षं तशीच गेली.

पाणी खालून आणायचं, ते शकुने सहा वर्षं आणलं. मग एक दिवस तिने हंडा जोत्यावर आदळला आणि लायनीतल्या अकरा घरांना गोळा केलं. अर्ज केले, नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसली, प्लंबरच्या मागे लागली आणि पाइप वर आणून दाखवला. तेव्हापासून टेकडीवरच्या त्या लायनीत दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी यायचं आणि वीस मिनिटांनी जायचं. ही वीस मिनिटं म्हणजे शकुच्या दिवसाचा खुंटा. ती ब्युरोमार्फत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. मुलुंडच्याच एका सोसायटीत विद्याधर नावाचे अर्धांगवायू झालेले आजोबा तिच्याकडे होते, सकाळी सात ते दुपारी दोन. दुपारची ड्यूटी तिने कधी घेतली नाही. ब्युरोवाली म्हणायची, पैसे जास्त मिळतील. शकु म्हणायची, आणि पाणी कोण भरणार?

सुखदेव गेला तेव्हा मुलगी रुचिका अकरा वर्षांची होती. तुळशीदास नालासोपाऱ्याहून धावत आला, हॉस्पिटलात सगळ्या रांगा त्याने लावल्या. लता तीन दिवस शकुजवळ जमिनीवर बसून होती. नंतर सहा महिने दोघांनी भाड्याचा विषय काढला नाही आणि शकुने काढला तेव्हा लताने तिला गप्प केलं. दोन वर्षांनी लताही गेली. आता तुळशीदास मुलाकडे एकटाच, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पाय लांब करून झोपतो, हे शकुला माहीत होतं. कारण एकदा बोलता बोलता त्यानेच सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर हसला होता.

मग टेकडीवर योजना आली. झोपड्या पाडून टॉवर होणार, ज्याची झोपडी त्याला फ्लॅट मिळणार. बोर्ड लागले, सभा झाल्या, पेढे वाटले गेले. आता ज्याची झोपडी म्हणजे कोणाची, इथे घोडं अडत होतं. वस्तीत जो तो सांगत होता, की सर्वेच्या दिवशी घरात जो राहताना सापडेल त्याचं नाव यादीत लागणार. मालक झाला तरी तोही सरकारी जागेवरच बसलेला. नुसता मालक आहे म्हणून भागायचं नाही, राहता हवा. भाडोत्री राहता सापडला तर मालकाची पंचाईत.

त्यातून टेकडीवर एक रीत पडली. तिला म्हणायचे सर्वेला बसणं. विरारहून, बदलापूरहून, कोकणातून मालक मंडळी लग्नाला यावीत तशी बॅगा घेऊन यायला लागली. कोणी चार दिवस आधी, कोणी आदल्या दिवशी. आपले फोटो भिंतीवर, आपले कपडे दोरीवर, आपल्या नावाचं लाइट बिल हातात. जे डोळ्यांत तेल घालून होते त्यांनी भाडोत्र्यांना महिनाभर आधीच बाहेर काढलं. जे जरा बरे होते त्यांनी भाडोत्र्याला एक दिवस बाहेर बसायला सांगितलं. खालच्या लायनीतलं एक कुटुंब सर्वेच्या दिवशी पोरांना घेऊन ठाण्याच्या तलावपाळीवर सहलीला गेलं, म्हणजे पोरांना तरी ती सहल वाटली.

तुळशीदास आठ दिवस आधी आला. चहा घेतला नाही. उंबऱ्यावरच बसला आणि बराच वेळ चपलेचा पट्टा काढघाल करत राहिला.

"एक दिवसाचो प्रश्न असा, शकु. तू समोर कमळीकडे बस. सर्वे झालो की घर पाडीपर्यंत तूच रवशीत, माझो शब्द." मग खाली बघूनच म्हणाला, "माका दुसरो आसरो नाय गो."

शकुने विचार केला नाही. काका, त्यात काय एवढं, म्हणाली.

विचार केला तो रुचिकाने. ती आता एकोणीस वर्षांची होती, मुलुंडलाच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजातून आल्यावर तिने ऐकलं, पाठीवरची बॅगही उतरवली नाही.

"आई, चौदा वर्षं तू राहतेयस इथे. पाणी तू आणलंस. माझ्या शाळेच्या दाखल्यावर हा पत्ता आहे, गॅस तुझ्या नावावर आहे. तू फक्त घरात बसून राहा त्या दिवशी. बोलू पण नको काही."

"शब्द दिलाय मी त्यांना."

"आणि त्यांनी काय दिलंय तुला?"

 जे सुचलं ते बोलायला शकुला लाज वाटली, पण बोलली. म्हणाली, खिळा ठोकून दिला होता त्यांनी. रुचिका बॅग खाली टाकून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ नसलेल्या मोरीत उगाच तोंड धूत राहिली.

शकुला वेडी म्हणणारे पुष्कळ निघतील. टेकडीवर निघालेच. समोरची कमळ, जिची स्वतःची झोपडी होती आणि म्हणून जिला कशाचीच चिंता नव्हती, तिनेही सांगितलं, की शकु, असा दिवस आयुष्यात एकदा येतो गं. शकुला हे कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर ती दुसऱ्याच्या भिंतींकडे बघत जगली होती. हातातोंडाशी आलेलं घर म्हणजे काय, हे तिला रुचिकापेक्षा जास्त कळत होतं. भांड्यांची मांडणी घासताना तिच्या डोक्यात येऊन जायचं, की टॉवरमध्ये ही मांडणी कुठे बसेल? आणि मग ती स्वतःवरच चिडायची. ज्या माणसाने नाव ऐकून दार लावलं नाही, त्याला ओट्याखालीच झोपायला ठेवून आपण सातव्या मजल्यावर चढायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं. घर हवं होतं. पण असं नको होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि आठ दिवस तिला त्यांच्यामुळे धड जेवण गेलं नाही.

आदल्या संध्याकाळी तुळशीदास पिशवी घेऊन आला. पिशवीत दोन लुंग्या, औषधांचा डबा, गणपतीचं कॅलेंडर आणि हार घातलेला लताचा फोटो. मुलगा चैतन्य फोनवरून सूचना देत होता, काय कुठे लावायचं, काय दिसता कामा नये. तुळशीदास फोन कानाला लावून हो हो म्हणत तसबिरीसमोर उभा राहिला, पण त्याचा हात वर जाईना. शेवटी शकुनेच ती उतरवली, धुतलेल्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळली आणि कमळच्या कपाटावर नेऊन ठेवली. खिळ्याला कॅलेंडर लागलं. ते लहान होतं. चौदा वर्षं तसबिरीने झाकलेला भिंतीचा चौकोन कॅलेंडरच्या चारी बाजूंनी नवाकोरा दिसायला लागला. तुळशीदासने तो बघितला, शकुनेही बघितला. लताचा फोटो शकुने फडताळात तांब्याशेजारी ठेवला आणि आपणहून उदबत्ती लावली.

सर्वेवाले सकाळी दहाला येणार होते. आले, पण खालच्या लायनीत. तिथे दोन भावांची एकाच झोपडीवरून मारामारी झाली आणि त्यात दुपार गेली. शकु सकाळपासून कमळच्या दारात बसून होती, सुट्टी टाकून. समोर स्वतःचं घर, आणि त्यात तुळशीदास तिच्या खुर्चीवर ताठ बसलेला, फोटो काढायला बसवावं तसा. रुचिका कॉलेजला गेली नव्हती. कमळच्या घरात मोबाइल बघत होती, म्हणजे बघत नव्हती.

तीनला पाच कमी असताना ते लोक वर चढले. गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली एक मुलगी, अंगठ्याचं मशीन सांभाळणारा एकजण आणि भिंतीवर नंबर रंगवणारा तिसरा. मुलगी दमलेली होती, पण चलाख होती. तिने तुळशीदासचं आधार बघितलं, लाइट बिल बघितलं आणि मग सहज गप्पा मारल्यासारखं विचारायला लागली. किती वर्षं राहता? घरात कोण कोण? ही भांडी कोण वापरतं? तुळशीदास उत्तरं देत होता. अंधार वाटतो म्हणून तिने लाइट लावायला सांगितला, तर त्याचा हात दाराच्या उजवीकडे गेला. तिथलं बटन शकुने नऊ वर्षांपूर्वी काढून डावीकडे घेतलं होतं. भिंत चाचपडत तो जरा हसला. मुलीने टॅबवर काहीतरी टिपलं.

"पाणी किती वाजता येतं, आजोबा?"

"सकाळी. पाच वाजता, खालच्या नळार," तुळशीदास म्हणाला. चौदा वर्षांपूर्वीचं उत्तर होतं ते, आणि तेव्हा ते खरं होतं.

शकु समोरच्या दारातून ऐकत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, तीन दहा, काका, तीन दहा. पण ती बसून राहिली. तिने शब्द दिला होता आणि आत्तापर्यंत तो पाळला होता. अजून पाच मिनिटांत लोक पुढच्या घरात गेले असते आणि सगळं निभावलं असतं.

पाइपात हवा शिरली आणि तो खरखरला. लायनीतल्या अकरा घरांत बायका उठल्या. आणि शकु उठली. ती उठली हे तिचं तिलाही कळलं नाही. कमळच्या पायऱ्या उतरली, गल्ली ओलांडली, टॅबवाल्या मुलीच्या काखेखालून आत शिरली. मोरीच्या वरच्या खुंटीवरून हिरवा पाइप उतरवला, एक टोक बाहेरच्या नळाला खोचून दुसरं निळ्या ड्रमात सोडलं, झाकण पायाने सरकवलं, पिण्याचा हंडा पुढे घेतला. हे सगळं अर्ध्या मिनिटात. हंड्याला फडकं बांधता बांधता तिला घर एकदम शांत वाटलं. तिने मान वर केली. चौघंही तिच्याकडे बघत होती.

"तुम्ही कोण?" मुलीने विचारलं.

ड्रममध्ये पाणी पडत होतं. तुळशीदास जमिनीकडे बघत लाइट बिलाची घडी घालत होता. दारात रुचिका येऊन उभी राहिली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि शकुला त्यांचा अर्थ कळत होता. बोल. आता तर त्यांनीच विचारलंय. दोन शब्दांचं काम होतं. इथे राहते, एवढंच म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. नंतर कितीतरी दिवस शकुला ते दोन शब्द ऐकू येत राहिले, कारण ते तिच्या घशापर्यंत खरोखर आले होते.

"मी इथे कामाला येते," शकु म्हणाली.

मुलीने तिच्याकडे बघितलं. मग हिरव्या पाइपकडे, कॅलेंडरभोवतीच्या कोऱ्या चौकोनाकडे, दारातल्या रुचिकाकडे. तिला काय कळायचं ते कळलं असावं. पण विचारायचं ते तिने विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. तिने तुळशीदासचा अंगठा घेतला. त्याला दारात उभं करून फोटो काढताना तिने हात हलवला आणि म्हणाली, मावशी, जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय. शकु बाजूला झाली. नंबर रंगवणाऱ्याने चौकटीशेजारी लाल रंगात आकडे काढले आणि माणसं पुढच्या घराकडे वळली.

रुचिका त्या दिवशी जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी बोलली नाही. तुळशीदासने जाण्याआधी कॅलेंडर उतरवलं, कमळकडून तसबीर मागून आणली आणि स्वतः खिळ्याला लावली.  मग शकुच्या डोक्यावर हात ठेवून खाली उतरला.

सर्वेच्या मुलीने टॅबवर जे टिपलं होतं ते पंधरा दिवसांनी यादीत आलं. तुळशीदासच्या नावापुढे शेरा होता, पुन्हा पडताळणी. कधी, ते लिहिलं नव्हतं. वस्तीतले जाणकार म्हणाले, आता कधीही येतील, न सांगता. चैतन्यच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ठरवलं, की बापाने आणि आपल्या बायकोने तिथे जाऊन राहायचंच. एका दिवसाच्या नाटकावर घर सोडायची त्याची तयारी नव्हती, आणि त्याच्या जागी कोण असतं तर सोडलं असतं? तुळशीदास सांगायला आला तेव्हा पुन्हा उंबऱ्यावर बसला. पण या वेळी चपलेशी खेळला नाही. सरळ म्हणाला, शकु, माझा शब्द गेला. शकुला त्याच्यावर रागवायचं होतं. तिने खूप प्रयत्न केला. पण पाइप धरायला आपणच धावलो, हे तिला विसरता येईना. शेवटी ती म्हणाली, काका, चहा घ्या.

महिन्याची मुदत होती. शकुने आणि रुचिकाने मुलुंडात खोली शोधली, मग भांडुपात, मग परत घाटकोपरपर्यंत. एका टेकडीवरची भाड्याची दोनशे बिऱ्हाडं एकदम रस्त्यावर आली की आजूबाजूच्या वस्त्यांत खोल्यांचे भाव काय होतात, ते तिला कळलं. त्यातून ज्यांची घरं पाडली जात होती ते मालक, टॉवर होईपर्यंत बिल्डरने दिलेल्या भाड्याच्या जोरावर त्याच खोल्या घ्यायला उभे होते. ज्या खोलीच्या पायरीवर कोणी उभं राहिलं नसतं, तिच्यासाठी रांग. आणि प्रश्न तेच. पूर्ण नाव काय? मटण-मासे करता का? नवरा नाही म्हणजे घरात दोघीच? एका एजंटने रुचिकाकडे बघत विचारलं, की मुलगी रात्रपाळी करते का. रुचिका त्याच्यावर अशी तुटून पडली, की शकुने तिला ओढून बाहेर आणलं आणि बाहेर आल्यावर मनातल्या मनात शाबास म्हणाली.

शेवटी टिटवाळ्यापलीकडे एका अर्धवट चाळीत खोली मिळाली. पाणी चोवीस तास, असं एजंट मोठ्या ऐटीत म्हणाला. होतंही. शकुला त्या पाण्याचं काय करावं कळेना. दुपारी तीनला ती गाडीत असायची, कारण विद्याधर आजोबांची ड्यूटी तिने सोडली नव्हती. सोडून खायचं काय? सकाळी साडेचारला उठायचं, मुलुंडला सातला पोचायचं. रुचिका कॉलेजजवळ एका मैत्रिणीकडे तीन दिवस राहायची, घरी चार दिवस. मायलेकींचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण एका विषयाला वळसा घालून. तसबीर नव्या खोलीत ट्रंकेवर टेकून उभी होती.

तीन महिन्यांनी कमळचा फोन आला, की रुचिकाचं बँकेचं पाकीट पोस्टमनने जुन्या घरी टाकलंय. शकु ड्यूटी सुटल्यावर टेकडीवर गेली. चढ तोच होता, पण निम्मी घरं पाडून झाली होती आणि राडारोड्यातून मोकळं आभाळ नको तेवढं दिसत होतं. तिची लायन अजून उभी होती. चौकटीशेजारचे लाल आकडे जरा ओघळले होते. दार उघडं होतं, पण तिने उंबऱ्याबाहेर थांबून कडी वाजवली. चौदा वर्षांत त्या कडीचा आवाज तिने बाहेरून कधी ऐकला नव्हता.

चैतन्यची बायको सपना बाहेर आली. दोघींनी एकमेकींना फक्त एकदा, लता गेली तेव्हा बघितलं होतं. सपनाने विचारलं, कोण पाहिजे?

"मी शकु," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "मी इथे राहायचे. चौदा वर्षं राहिले मी इथे."

सपनाने घाईने गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि पुढे होऊन तिचा हात धरला. वाईट नव्हती ती मुलगी. ओशाळली होती, घाबरलीही होती.

"मावशी, मोठ्याने नका ना बोलू. पडताळणी व्हायचीये अजून," ती हळूच म्हणाली. "कोणी विचारलं तर तुम्ही कामालाच येत होतात. बाबांनी सगळ्यांना तेच सांगितलंय."

शकुने तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आत तुळशीदास तिच्याकडे पाठ करून पलंगावर बसला होता, जागा होता, वळला नाही. सपनाने पाकीट आणून दिलं. तेवढ्यात नळ खरखरला. सपना दचकली आणि मोरीकडे धावली. हिरवा पाइप तिने दारातूनच हात लांब करून भलत्याच टोकाने बाहेरच्या नळाला लावला आणि पाणी सगळीकडे उडायला लागलं. ती साडी सावरत पाइप धरायला बघत होती, पाणी जमिनीवरून उंबऱ्याकडे येत होतं. शकुचे दोन्ही हात वर आले होते. ते तिने खाली घेतले.

"उलट लावलाय," ती बाहेरूनच म्हणाली. "कापलेलं टोक नळाला. आणि आधी मोठा ड्रम भर, हंडा नंतर. वीसच मिनिटं असतं."

मग पाकीट पर्समध्ये ठेवून ती उतरायला लागली. पाठीमागे ड्रममध्ये पाणी नीट पडायला लागल्याचा आवाज आला, तेव्हा ती खालच्या वळणावर पोचली होती.